खिशातलं ते खिशातच

वर्षातून दोनदा आमच्या लाँड्रीत तीनशे काळे झगे यायचे, आणि मग आठ दिवस आमच्या घरात माणसांना जागा नसायची. हे झगे विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे. समारंभाला घालायचे, घोट्यापर्यंत लांब, बाह्या अशा रुंद की एकेका बाहीत माझ्यासारखी एक पोर मावावी. छातीवर लाल शिक्का शिवलेला: एक झाड आणि त्याखाली उघडं पुस्तक. पुढच्या खोलीत लाँड्री, मागच्या खोलीत आम्ही, असं आमचं घर. झगे आले की दांडीवर झगे, दोरीवर झगे, खिडकीच्या गजांना झगे. बाबा म्हणायचे, "एवढी विद्वान मंडळी घरात, आणि चहा कोणी मागत नाही. असे पाहुणे हवेत."

मी लहानपणी त्यांच्याखालीच झोपायचे. इस्त्रीची वाफ वर जायची आणि सगळे झगे एकदम हलायचे, कोणीतरी हळूच काही गमतीचं बोलल्यासारखे. खोटं वाटेल, पण मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. कळायचं एवढंच की त्यांना कसली घाई नाही. आमच्या घरी सगळ्यांना कायम घाई. आईला कापड करपायच्या आत इस्त्री उचलायची, बाबांना गाडी भरायची, मला शाळेची. बिनघाईचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या रिकाम्या झग्यांकडून. डोळा लागता लागता वाटायचं, मीही त्यांच्यात बसले आहे आणि माझी बोलायची पाळी यायची आहे.

आमच्या लाँड्रीचे दोन नियम होते. दोन्ही बाबांच्या आईने घालून दिलेले. पहिला, दुसऱ्याचं कापड अंगाला लावायचं नाही. दुसरा, खिशातलं ते खिशातच. कपड्याच्या खिशातून किंवा कपड्यातून पडलेलं जे काही सापडेल, ते कापडाच्या छोट्या पिशवीत घालायचं, पिशवी परत त्याच खिशात ठेवून टाचणीने टाचायची आणि धुतलेल्या कपड्याबरोबर मालकाकडे धाडायची. कागद असेल तर उलटा करून, वाचायचा नाही. आजीने म्हणे तरुणपणी एका गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचली होती आणि पुढे कधीच त्या बाईच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नव्हती. चिठ्ठीत काय होतं ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. आम्ही विचारून विचारून थकलो. बाबा तर अजून हळहळतात.

झग्यांचे मालक आम्हाला माहीत नव्हते. कॉलरच्या आत दोऱ्याने घातलेली धोबीखूण, तेवढीच ओळख. पण आईने त्यांना त्यांच्या खोडींवरून नावं ठेवली होती. शाईवाले. तपकीरवाले. बटणं चावणारे. आणि सगळ्यांत लाडके, खडूवाले. त्यांच्या उजव्या खिशात खडूचे तुकडे असायचेच. शिवाय वाळकं पान, पेन्सिलीचं टोपण, चुरगळलेले कागद. खालची शिवण दरवर्षी उसवलेली. त्यांचा झगा नुसता हलवला तरी काहीतरी जमिनीवर पडायचं. जमिनीवर काही सापडलं की आई न बघताच म्हणायची, "खडूवाल्यांचं असणार." आणि ते त्यांचंच निघायचं. मी मनात त्यांचं चित्र काढलं होतं: उंच, ढेरपोटे, पांढऱ्या मिशा, मिशांना थोडा खडू.

दहा वर्षांची असताना मी दुसरा नियम मोडला. खडूवाल्यांचा एक कागद मी चोरून उघडला. कसलीतरी चिन्हं, आकडे, खाडाखोड, पुन्हा चिन्हं आणि शेवटी एक भलंमोठं प्रश्नचिन्ह. मी बराच वेळ त्या प्रश्नचिन्हाकडे बघत बसले. झग्यातल्या माणसालासुद्धा काहीतरी येत नव्हतं! मला इतका आनंद झाला की काय सांगू. सगळं येणाऱ्यांच्या घरात माझं काय काम? पण काहीतरी न येणाऱ्यांच्या घरात मी चालले असते. कागद उलटा करून मी पिशवीत घातला. त्या दिवसापासून मला तिथे जायचं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बाबांनी हसून सोडलं असतं आणि आई हसलीही नसती.

पुढे ते कळलं आमच्या गणिताच्या बाईंना. त्या वर्षी विद्यापीठाने जाहीर केलं होतं की हातावर पोट असलेल्या घरांतली पाच मुलं घेणार. शिकणं, राहणं, जेवणं, सगळं त्यांच्याकडे. बाईंनी मला परीक्षेला बसवलं, मुलाखतीला स्वतः घेऊन गेल्या, आणि परत येताना म्हणाल्या, "निवड झाली तर पत्र येईल. नाही झाली तर काहीच येणार नाही. तेव्हा दाराकडे बघत बसू नकोस." अर्थात, मी दाराकडे बघत बसले. घरी मात्र परीक्षा दिली एवढंच सांगितलं होतं, पत्राचं नाही.

दार बघितलं, पण नेमका एक सोमवार सोडून. त्या दिवशी मी शाळेत होते.

पत्र आलं नाही. महिना संपत आला. घरात कोणी काही बोललं नाही, आणि आमच्या घरात कोणी काही बोलत नाही म्हणजे सगळं बोलून झालेलं असतं. झगे धुऊन, इस्त्री होऊन विद्यापीठात पोचले. एका सकाळी आई म्हणाली, "ये, तुला बाहीची चुणी शिकवते." मी हातातलं काम ठेवलं. चुणी घालायला आईने मला कधी हात लावू दिला नव्हता. "तुझे हात पुस्तकाचे आहेत," म्हणायची. आता तिने माझा हात इस्त्रीवर ठेवला, वर तिचा हात ठेवला, आणि आम्ही दोघींनी मिळून एका कोटाची बाही सरळ केली. वाफ तोंडावर आली म्हणून बरं. आई म्हणाली, "हळू. कापडाला कळतं घाई केलेली." मला वाटलं, अशीच ऐंशी वर्षांची होईन मी, याच वाफेत, आणि झगे वर्षातून दोनदा मला भेटायला येत राहतील.

दुसऱ्या दिवशी, समारंभाच्या दिवशी, दुपारी बाई आल्या. आल्या म्हणजे धडकल्याच. उन्हातून चालत आलेल्या, हातात छत्री, छत्री उघडायचीही आठवण नाही.

"का गं, काय मनात आहे तुझ्या?" दारातूनच सुरुवात. "मूग गिळून बसायचं होतं तर मला सांगायचंस तरी!"

"काय झालं, बाई?" मी विचारलं.

"काय झालं? विद्यापीठातून शाळेत फोन आला. चौघांची उत्तरं आली, पाचवीचं नाही. पाचवी म्हणजे तू! आज संध्याकाळी पाचला मुदत संपते."

मी म्हटलं, "पत्रच आलं नाही."

"मागच्या सोमवारीच पोचलंय म्हणतात. मी म्हटलं, दुसरं पत्र द्या. तर म्हणे दुसरं काढायला आठ दिवस लागतात, आणि जागा काही थांबत नाही, पुढच्या नावाला जाते. पत्रासोबतच्या फॉर्मवर सही हवी. तोच फॉर्म." बाई खुर्चीवर बसल्या. "चांगलं जाड, पिवळं पाकीट. मागच्या बाजूला लाल शिक्का."

आईच्या हातात इस्त्री होती. खाली हॉटेलचा पांढरा टेबलक्लॉथ. इस्त्री जागीच राहिली. मी आईकडे बघत होते आणि आई दाराजवळच्या फरशीकडे. मग वास आला. बाबा धावत आले, "अगं, करपलं!" आईने इस्त्री उचलली तेव्हा पांढऱ्यावर तपकिरी त्रिकोण उमटला होता. बावीस वर्षांत पहिलाच.

"मी पाठवलं," आई म्हणाली.

"कोणाला?"

"खडूवाल्यांना."

त्या सोमवारी दाराजवळ खडूवाल्यांचा झगा टांगलेला होता. पोस्टमनने पाकीट दाराखालून सरकवलं, ते पालथं, झग्याच्या बरोबर खाली. आईने शिक्का बघितला. झाड आणि पुस्तक. उलटं करून वाचायचं नाहीच, नियम. न बघता पिशवीत घातलं, पिशवी खिशात, टाचणी लावली, आणि तीनशे झग्यांबरोबर बाबांनी माझं पत्र स्वतःच्या गाडीने परत विद्यापीठात नेऊन दिलं.

"दैव देतं आणि कर्म नेतं," बाबा म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी, "पण कर्माची गाडी माझीच आहे. चला, बसा!"

बाबांची तीनचाकी सायकलगाडी, पुढे सीट, मागे कपड्यांची मोठी पेटी. मी आणि आई पेटीत बसलो, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर. बाई शाळेतून पुन्हा फोन करते म्हणून गेल्या. बाबा पेडल मारत होते आणि दोन्ही बाजूंनी रस्ता मागे वाहत होता. चादरीचं एक टोक सुटून माझ्या तोंडासमोर उडत होतं. त्यातून दुकानं, झाडं, माणसं सगळं पांढरं आणि पुसट दिसत होतं. अशा प्रवासात राग येऊ नये, पण मला आईचा राग आला होता. खूप आला होता. एवढं पाकीट, त्यावर माझं नाव, एकदा सरळ करून बघितलं असतं तर? मी तिच्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने तिने उडणारं चादरीचं टोक धरलं आणि गठ्ठ्याखाली नीट खोचलं.

विद्यापीठाला मोठं फाटक आहे, तिथून आम्ही कधी गेलो नव्हतो. आमचं दार मागचं. पहारेकऱ्याने बाबांना ओळखलं. "आज काय राहिलं?"

"एक पाकीट राहिलंय," बाबा म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

झग्यांच्या खोलीत आलो तर तीनशे हँगर रिकामे. नुसते डुलत होते. झगे निघून गेले होते, माणसं घालून. खिडकीबाहेर, जुन्या इमारतीपासून सभागृहापर्यंत, दुतर्फा झाडांच्या वाटेवरून ते दोन-दोनच्या रांगेत सावकाश चालले होते. माझ्या झोपेतले सगळे झगे. उन्हाचे ठिपके त्यांच्यावरून सरकत होते, बाह्या हलत होत्या, आणि त्यांना घाई नव्हती. अगदी तशीच नव्हती. क्षणभर मी पत्रसुद्धा विसरले.

"बघत काय राहिलीस, शोध," आई म्हणाली, आणि आम्ही बाहेर पळालो.

रांगेच्या कडेने आम्ही दोघी मागून पुढे निघालो. बाबा गाडीपाशी. आई पुटपुटत होती, "शाईवाले. हे नाहीत. यांची कॉलर पुन्हा उलटी. हे बटण माझं नाही, यांनी दुसरीकडे लावून घेतलंय!" शेवटचं तिला फार लागलं. लोक वळून बघत होते. एवढी काकुळतीला आलेली आई मी कधी पाहिली नव्हती. मी उंच माणसं बघत होते. उंच, ढेरपोटे, पांढऱ्या मिशांचे. चौघांच्या खिशांकडे बघितलं. एकालाही खडू नाही.

आणि मग मला ते रफू दिसलं. मागच्या बाजूला, खालच्या काठाला, वाकडंतिकडं. चौदा वर्षांची असताना मी केलेलं. आई तेव्हा म्हणाली होती, "हे रफू आहे की उंदराने केलेला नाच?" तो नाच आता माझ्यासमोर वाटेवरून फरफटत चालला होता. फरफटत, कारण झगा घालणाऱ्याला तो एक वीतभर लांब होता.

"थांबा!" मी ओरडले. "खडूवाले, थांबा!"

झगा वळला. आत एक बाई होत्या. बुटक्या, थोड्या वाकलेल्या, चष्म्याच्या.

इतकी वर्षं खालची शिवण उसवत होती, दरवर्षी आई ती नव्याने घालत होती, आणि झगा कमी उंचीच्या बाईचा असेल हे काही आमच्या स्वप्नात आलं नव्हतं. तीनशे झग्यांच्या खोडी ओळखणारी माझी आई, पण झगा म्हटला की आत मिशा, हे आमचं ठरलेलं.

"मला हाक मारलीत?" त्या म्हणाल्या.

आईने हात जोडले. "तुमच्या उजव्या खिशात आमचं पत्र आहे."

"तुमचं? माझ्या?" त्यांनी खिसा चाचपला. "अगंबाई. काहीतरी टोचतंय म्हटलं मघापासून." त्यांनी झगा काढून हातात घेतला, आणि आईने तो आपसूक त्यांच्याकडून घेऊन दंडावर टाकला, दोन बोटांनी धूळ झटकली. सवय. खिशातून आधी खडू निघाला. मग आमची पिशवी. त्यांनी टाचणी काढली, पाकीट सरळ केलं आणि वरचं नाव वाचलं. माझं नाव. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं मोठं वाटलं, की हे आपलंच का असं वाटून मी मागे बघितलं.

"पण माझ्या खिशात कसं आलं हे?"

आई खाली बघत म्हणाली, "जमिनीवर शिक्का दिसला. शिक्क्याचं म्हणजे तुमचंच असणार. आमच्या नावाने ते कशाला येईल?"

माझा राग त्याच वाक्याला गेला. गेला तो गेलाच. आईने नियम पाळला म्हणून पत्र हरवलं नव्हतं. ते पत्र आमचं असू शकतं, ही गोष्ट तिला कोणी कधी सांगितलीच नव्हती. मीसुद्धा नाही. सात वर्षं मी माझं स्वप्न तिच्यापासून उलटं करून ठेवलं होतं.

"ऑफिस डाव्या हाताला, पायऱ्या चढून," खडूवाल्या बाई म्हणाल्या. "वीस मिनिटं आहेत. उभी काय राहिलीस? पळ!"

मी पळाले, आणि चार पावलांवर थांबले. राहवेना. "ते गणित सुटलं का? मोठं प्रश्नचिन्ह होतं ते?"

"कुठलं गं? न सुटलेली पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या आणि झगा आईकडून घेऊन घाईघाईने उलटा घालू लागल्या. आईने तो सुलटा केला.

ऑफिसात तीन खिडक्या. आई पळत गेली आणि तिसऱ्या खिडकीपुढे उभी राहिली. तीच खिडकी, जिथे ती दरवर्षी झगे पोचल्याच्या कागदावर सही करते. आतल्या कारकुनाने सवयीने वही पुढे सरकवली आणि आईने सवयीने पेन उचललं.

"आई," मी म्हटलं. "आज या खिडकीत नाही."

ती दचकली. पेन ठेवलं. पहिल्या खिडकीकडे ती अशी चालत आली की जणू फरशी ओली आहे. तिथल्या कारकुनाने पाकीट फोडलं, फॉर्म काढला, घड्याळ बघितलं, पुन्हा फॉर्म बघितला. "हा फॉर्म कुठे होता इतके दिवस?"

"इथेच होता, तुमच्याकडे," आई म्हणाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कारकुनाला काही कळलं नाही आणि समजावून सांगायला वेळ नव्हता. मी सही केली. पालकांच्या जागी आईने सही केली, हळूहळू, करपू नये म्हणून जपून केल्यासारखी. त्याने शिक्का उचलला आणि दाबला. लाल झाड, लाल पुस्तक, अजून ओलं. "पोच," तो म्हणाला आणि अर्धा कागद आईच्या हातात दिला.

बाहेर पायऱ्यांवर ऊन कलतं झालं होतं. सभागृहातून टाळ्यांचा आवाज येत होता. खाली बाबा गाडीपाशी उभे राहून दोन्ही हातांनी काय झालं काय झालं विचारत होते. आईने तो कागद न बघता उलटा केला, माझ्या खिशात सरकवला आणि वरून हात दाबला.

मी तो काढून तिच्यापुढे धरला. "वाच ना."

"तुझा आहे तो," ती म्हणाली.

"आपला आहे. शिक्का असला तरी आपला आहे. वाच."

"वाचू?" तिने विचारलं. अगदी हळू, आजी कुठून ऐकत तर नाही ना अशी. मी मान हलवली. मग आईने पायरीवर बसून, बोट ठेवून ठेवून, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत तो सगळा कागद मोठ्याने वाचला. माझं नाव आलं तिथे ती थांबली, आणि परत मागे जाऊन पुन्हा वाचलं. खालून बाबा ओरडले, "ऐकू येत नाही, मोठ्याने!" तेव्हा तिने तिसऱ्यांदा वाचलं.

मग तिने तो कागद उलटा न करता, अक्षरांची बाजू वर ठेवून, माझ्या हातात दिला.